धाकट्याची बाजू

माझं पडद्यांचं दुकान आहे. पुढे कापडाचे तागे, मधे शिवणाची मशीनं, आणि मागे एक लांबट खोली. शिवून झालेले पडदे पोचवायच्या आधी तिथे टांगून ठेवतो, म्हणजे घड्या मोडतात आणि चुण्या नीट पडतात. या मागच्या खोलीत माझ्या धाकट्याने आणि त्याच्या दोस्तांनी वर्षानुवर्षं जो धुमाकूळ घातला, त्याला संगीत म्हणतात हे मला फार उशिरा पटलं. पटलं म्हणजे काय, म्हणू द्यायचं ठरवलं. जाड पडदे आवाज पिऊन टाकतात, म्हणून त्यांना ती खोली लाडकी. शेजाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही. केली असती तर त्यांच्या दिवाणखान्याचे पडदे मी हातभर आखूड शिवले असते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

धाकटा दिवसभर लोकांच्या घरी शिडीवर चढून रॉड ठोकायचा आणि संध्याकाळी मागच्या खोलीत उभा राहून गायचा. गायचा म्हणजे ओरडायचा, आणि मधेच अगदी हळू व्हायचा, जसं काही आपणच ओरडलो याची त्याला लाज वाटली. त्याचा सगळ्यात जवळचा दोस्त लांब्या. गिटार त्याच्याकडे. उंच, वाकलेला, आणि वाद घालायला कायम तयार. पोरं म्हणते मी, पण दोघंही चाळिशीला टेकलेले होते. लग्न धाकट्याने केलं नाही. मी बोलून बोलून थकले, मग बोलणं त्याच्या जेवणावर आणलं.

मग त्याला रक्ताचा आजार झाला आणि तो गेला. याच्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. ज्यांचं कोणी गेलंय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांचं गेलं नाही त्यांना घाई कशाला.

तो गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी दातवाला दुकानात आला. हा दातांचा डॉक्टर, धाकट्यासारखाच त्या गाण्यांच्या नादी लागलेला. सुट्टीच्या दिवशी त्याच्या दवाखान्यात, रुग्णांच्या खुर्च्यांवर बसून, यांची मंडळी गाणी ऐकायची आणि भांडायची. त्याने सांगितलं, आम्ही आपल्या शहरातल्या पोस्ट-ग्रंज बँडची एक रेकॉर्ड काढतोय, खरी, काळी, सुईवर वाजणारी. धाकट्याचं ते एक गाणं पूर्ण रेकॉर्ड झालेलं आहे, ते घ्यायचं मनात आहे. मी विचारलं, पोस्ट-ग्रंज म्हणजे काय. त्याने माझ्या स्टुलावर बसून चहा गार होईपर्यंत समजावलं. माझ्या डोक्यात एवढंच राहिलं, की आधी फाटक्या शर्टाच्या काही पोरांनी खूप रागाची, खूप दुःखाची, ओबडधोबड गाणी केली, त्याला ग्रंज म्हणायचे. ती लाट ओसरल्यावर दुसरी पोरं आली. त्यांनी तोच राग घेतला, पण तोंड धुऊन, केस विंचरून. ते पोस्ट-ग्रंज.

मी म्हटलं, मग घ्या की, विचारताय काय.

अडचण अशी होती, की बँडमधल्या प्रत्येकाचा होकार लागत होता. ड्रम वाजवणारा आणि दुसरा गिटारवाला परगावी गेलेले, त्यांनी फोनवर हो म्हटलं होतं. घोडं अडलं होतं लांब्यापाशी. त्याचं म्हणणं, आमचं गाणं पोस्ट-ग्रंज नाहीच, तर त्या रेकॉर्डवर ते जाणार नाही.

माझी थोरली मुलगी माझ्याबरोबर दुकानात बसते. ती म्हणाली, आई, गाणं तुझ्या फोनमध्ये आहे की, ऐक केव्हाही. तिला कसं सांगायचं. फोन माझा, ऐकणारी मी, रडणारीही मीच. मला ते अनोळखी माणसाने ऐकायला हवं होतं. धाकटा गेलाय हे ज्याला ठाऊकच नाही अशा कोणीतरी, कुठल्यातरी घरात, ते लावावं आणि म्हणावं, बरा गातो हा. तेवढ्यापुरता तरी तो कुठेतरी असेल. मला दुसरं काही नको होतं. म्हणून मी ठरवलं, त्यांच्या बैठकीला आपण स्वतः जायचं.

दवाखान्यात भिंतीवर जबड्याचं मोठं चित्र, कोपऱ्यात माशांची पेटी, आणि खुर्च्यांवर सात-आठ माणसं. त्यातली एक बाई बस चालवायची, तिला सगळे बसवाली म्हणत. तिने मला शेजारी जागा करून दिली आणि कानात सांगितलं, काकू, डोकं दुखायला लागलं तर माशांकडे बघा, मी तेच करते.

वाद सुरू झाला. दातवाल्याचं मत, गाण्याची ठेवण बघायची. हळू सुरुवात, मग उसळी, घसा ताणलेला पण सूर सुटलेला नाही, आणि आवाज घासूनपुसून स्वच्छ. बसवालीचं मत सरळ होतं. बसमध्ये लावलं आणि म्हाताऱ्या माणसांनी बंद करायला सांगितलं तर ग्रंज, नाही सांगितलं तर पोस्ट-ग्रंज. एका मिशाळ माणसाने सांगितलं की ते नावच मुळात शिवी आहे, कुठल्या बँडने स्वतःहून लावून घेतलंय दाखवा. आणि मग लांब्या उठला.

"पोस्ट-ग्रंज म्हणजे दुसऱ्याच्या जखमेवरची खपली काढून आपल्या गुडघ्यावर चिकटवायची," तो म्हणाला. "आमचा गुडघा खरोखर फुटलेला होता."

टाळ्या पडल्या एक-दोन. मला वाटलं, झालं, संपलं. पण लांब्या खाली बसला नाही. तो म्हणाला, आता यावर धाकटा काय म्हणेल. आणि त्याने मान जरा कलती केली, उजव्या हाताने कानाची पाळी धरली, आणि हळू, खर्जात, शब्द चघळत बोलायला लागला.

"लांबू, मेजवानी संपल्यावर खुर्च्या उचलायला थांबतात ना, तीही माणसं मेजवानीलाच आलेली असतात. उशिरा आलो म्हणून खोटे कसे झालो आपण?"

माझं पोर पाळी धरूनच बोलायचं. लहानपणी मी किती फटके दिलेत त्या हातावर. शब्द मधेच थांबवून पुढचा शोधायची ती सवय, ते 'लांबू', सगळं जसंच्या तसं. बाकीचे हसत होते. त्यांना सवयीचं होतं. बसवाली म्हणाली, दर वेळी असंच चालतं. लांब्या दोन्ही बाजूंनी भांडतो, धाकट्याची बाजू अशी मांडतो की आम्हाला वाटतं आता हा स्वतःच हरणार, आणि मग आपली बाजू घेऊन त्याला पाडतो.

तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही. मला दिसत होती फक्त रेकॉर्ड.

दातवाल्याने गाणं लावलं आणि सांगितलं, ऐका, आवाज कसा गोल आहे, कुठे कड नाही, कुठे चरचर नाही, हीच पोस्ट-ग्रंजची खूण. मला इतका आनंद झाला, की या एवढ्या वादात एक गोष्ट तरी मला कळली. मी मान वर करून म्हटलं, गोल असणारच, हे रेकॉर्ड केलं त्या आठवड्यात नाट्यगृहाची मखमल टांगलेली होती मागच्या खोलीत, दुहेरी अस्तराची, मी स्वतः शिवलेली.

लांब्या असा वळला, जसं काही मी त्याच्या हातात काठी दिली.

"ऐकलंत? गुळगुळीतपणा गाण्यात नाही, काकूंच्या मखमलीत आहे. मखमल काढा, खाली ग्रंज आहे."

दातवाल्याने टेबलावरची प्लास्टरची कवळी उचलली आणि परत ठेवली. मी माशांकडे बघत बसले. मी आयुष्यात कोणासमोर मान खाली घातली नव्हती, आणि इथे माझ्याच हाताने माझ्या पोराचं गाणं बाहेर पडत होतं. घरी येऊन मी थोरलीवर उगाच आग पाखडली, की तिने रिंगा चुकीच्या मोजल्या. तिने बरोबर मोजल्या होत्या.

दोन दिवस मी धुमसले आणि मग लांब्याच्या कामावर गेले. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. समोर मालक गिऱ्हाइकांना आरसा दाखवतो आणि आत, एका खिडकीएवढ्या जागेत, लांब्या वाकून बसलेला असतो. यंत्राचं चाक फिरतं, त्यावर पाण्याची धार पडते, आणि फ्रेमच्या मापाची होईपर्यंत काच कडेने झिजत राहते. मला बघून त्याने स्टूल पुसून दिलं. धाकटा गेल्यावर आमच्या घरी कधी पाय ठेवला नाही त्याने, पण 'काकू, पाणी घ्या' म्हणायचं विसरला नाही.

मी गोड बोलून बघितलं आधी. मला ते जमत नाही, त्यालाही माहीत आहे. मग त्यानेच सांगायला सुरुवात केली, हातातली काच उजेडात धरून, माझ्याकडे न बघता.

धाकटा आजारी पडायच्या आधी त्यांचा एक कार्यक्रम ठरला होता. पोस्टरवर काय छापायचं यावरून दोघांचं वाजलं. धाकट्याला पोस्ट-ग्रंज छापायचं होतं. लांब्या म्हणाला, ते छापलंस तर मी वाजवणार नाही. धाकट्याने छापलं. लांब्याने वाजवलं नाही. मग बोलणं बंद. आज फोन करू, उद्या करू, पण आधी त्याने कबूल तर करावं की चूक त्याची, असं करता करता धाकटा आजारी असल्याचं कळलं. लांब्याला वाटलं, बरा होईलच, मग निवांत भांडू. इस्पितळात त्याला बघायला लांब्या आला नाही. शेवटच्या दिवशी स्मशानात आला तो लोकांच्या मागे, गाड्या लावतात तिथे उभा राहिला. मी पाहिलं होतं त्याला. तेव्हा बोलावलं नाही.

"आता मी हो म्हटलं," लांब्या म्हणाला, "तर मग तेव्हा भांडलो कशासाठी, काकू?"

दुसरी कोणी बाई असती तर त्याच्या पाठीवर हात ठेवून घरी गेली असती. माझ्या जिभेला कधी हाड नव्हतं, आणि मला रेकॉर्ड हवी होती.

मी म्हटलं, "तू दर आठवड्याला जाऊन त्याला हरवतोस. तो काही उठून उत्तर द्यायला येणार नाही. मेलेल्या माणसाला हरवून कसला रे पराक्रम?"

त्याने यंत्र बंद केलं. पाण्याची धार तेवढी चालू राहिली. मालकाने बाहेरून विचारलं, काय झालं रे. लांब्या म्हणाला, काही नाही. मी उठले. जिंकलेलं मला लगेच कळतं. गिऱ्हाईक घासाघीस सोडून पाकीट काढतं ना, तसा त्याचा चेहरा झाला होता.

पुढच्या बैठकीला दातवाला जय्यत तयारीने आला होता. कुठली कुठली गाणी काढून आणली होती, आज लांब्याला एकेक करून ऐकवणार आणि चीत करणार. त्याने पहिलं लावायच्या आतच लांब्या म्हणाला, "धाकट्याचं बरोबर होतं. घ्या गाणं."

पाळी धरली नाही, मान कलती केली नाही. बसून बोलला, दाराकडे बघत. मिशाळ माणूस म्हणाला, अरे पण मखमलीचं काय. लांब्या म्हणाला, मखमलीचं काही नाही. आणि पिशवी घेऊन निघून गेला. दातवाला हातात गाणी धरून तसाच उभा. बसवालीने माझ्याकडे पाहिलं. मी पर्स उघडून बंद केली.

रेकॉर्ड आली. काळी, चकचकीत, वर माझ्या पोराच्या बँडचं नाव बारीक अक्षरांत. मी चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढून बोटाने चाचपलं, तर छपाई सपाट, हाताला काहीच लागत नाही. पहिल्यांदा वाजवली ती दवाखान्यातच. बाहेरचीही माणसं बोलावली होती, खुर्च्या कमी पडल्या, लोक दात काढायच्या खुर्चीतसुद्धा बसले. धाकट्याचं गाणं लागलं तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. हळू सुरुवात, मग उसळी, मग ती लाजल्यासारखी शांतता. माझ्या शेजारी कॉलेजात शिकणारी एक मुलगी होती, तिने मला कधी पाहिलेलं नाही, मी तिला नाही. ती म्हणाली, "हा भारी गातो. हल्ली कुठे गातो हा?"

मला जे हवं होतं ते नेमकं हेच. शब्दसुद्धा जवळपास हेच. मी म्हटलं, "हल्ली कुठे नाही." ती म्हणाली, अरेरे, आणि पुढचं गाणं ऐकायला लागली.

नंतर बाहेरचे गेले आणि मंडळी नेहमीसारखी वादाला बसली. मी थांबले. का थांबले, तेव्हा कळलं नाही. मिशाळ माणसाने काहीतरी खुसपट काढलं, दातवाल्याने उत्तर दिलं, बसवालीने दोघांची खिल्ली उडवली. आणि मग सगळे एकदम थांबले, जिन्यात एक पायरी कमी असावी तसे. दातवाला चांगला माणूस आहे, त्याला वाटलं आपण भरून काढावं. तो म्हणाला, आता यावर धाकटा म्हणाला असता, की... आणि त्याने कानाची पाळी धरली. डाव्या हाताने. पुढे त्याला काही सुचलं नाही. कोणी हसलं नाही. मी दाराकडे गेले, आणि चपला शोधताना मला नीट दिसेना, म्हणून बसवालीने त्या पायाशी आणून ठेवल्या.

दुकानात मी रेकॉर्ड लावायची. थोरलीने यंत्र आणून दिलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की लावायची. धाकटा गायचा. दर वेळी त्याच ठिकाणी ओरडायचा, त्याच ठिकाणी हळू व्हायचा. मी एखादा शब्द बोलले, की आज गिऱ्हाइकाने असं म्हटलं, किंवा शिडीची पायरी मोडली रे, तरी तो आपला तेच गायचा. रेकॉर्ड आहे ती, दुसरं काय करणार. लांब्याच्या तोंडून मात्र तो उत्तर द्यायचा. समोरच्याने नवीन काढलं की तोही नवीन काढायचा. खुर्च्या उचलणाऱ्या माणसांचं ते बोलणं धाकट्याने जिवंतपणी कधी केलं होतं की लांब्याने त्याच्यासाठी तिथल्या तिथे रचलं होतं, देव जाणे. मी कधी विचारलं नाही. ते धाकट्याचंच होतं, आईला कळतं.

आणि ते मी बंद करून आले होते, लांब्याच्या काचा घासायच्या यंत्रासकट.

बसवालीकडून कळत होतं, लांब्या बैठकीला येत नाही. गिटार पलंगाखाली सरकवली म्हणे. दोस्तांनी विचारलं तर म्हणतो, आता काय वाद घालायचा, ठरलं की सगळं. मी म्हटलं, माणूस आहे, दमला असेल. बसवाली म्हणाली, काकू, दमलेला माणूस बसमध्ये झोपतो, हा खिडकीबाहेर बघत बसतो आणि आपला थांबा चुकवतो. ती त्याला रोज बघत होती.

मग मी तिच्याकडूनच शिकले. तिची सुट्टी असली की ती दुकानात यायची आणि मी तिला विचारायची, हे नेमकं काय, ते नेमकं काय. गिटारचा आवाज जाणूनबुजून फाडतात म्हणजे कसा फाडतात, कुठे फाडलेला चालतो, कुठे नाही. थोरली म्हणाली, आई, या वयात. मी म्हटलं, तू अस्तर लाव.

आणि एका दुपारी मी पुन्हा चष्म्याच्या दुकानात गेले. लांब्याने स्टूल दिलं, पाणी दिलं. वाळला होता. समोरच्या चाकावर कोणाची तरी जाड काच होती.

मी म्हटलं, "मी नीट ऐकलं ते गाणं. पोस्ट-ग्रंज नाही ते. तुझंच खरं होतं, धाकट्याचं चुकलं."

तो म्हणाला, राहू द्या काकू आता. मी म्हटलं, राहू द्या कशाला, रेकॉर्डवर चुकीचं छापून गेलंय, मी त्याची आई आहे, मला बोलायला नको? गिटार बघ किती फाटलेली आहे सुरुवातीपासून. त्याने चाकावरची काच उचलून उजेडात धरली. मी पुढे रेटलं, की मधली ती शांत जागा आहे ना, तीसुद्धा पोस्ट-ग्रंजमध्ये बसत नाही, त्यांच्यात असं थांबतच नाहीत.

चुकीचं बोललेलं त्याच्याने कधीच सहन झालेलं नाही. त्याने काच खाली ठेवली.

"काकू, असं कोणी सांगितलं तुम्हाला? त्यांच्यातच थांबतात. ते थांबणंच तर सगळं आहे."

मी म्हटलं, मला नाही वाटत तसं. मग तो वळून माझ्याकडे तोंड करून बसला, हात अजून ओले, आणि समजावायला लागला. आधीची जी पोरं होती त्यांना रागाची लाज नव्हती, म्हणून ती थांबत नसत. नंतर आलेल्यांनी तो राग आधीच ऐकलेला होता, त्यांना ठाऊक होतं की ओरडून काही बदलत नाही, तरी ते ओरडले, आणि मग थबकले. धाकटा त्या थबकलेल्यांतला होता. म्हणून तो स्वतःला नंतरचा म्हणवून घ्यायचा, आणि मी गाढव, लांब्या म्हणाला, मला वाटायचं तो कमीपणा घेतोय.

मी वाट बघत होते. मान कलती होईल, हात कानाकडे जाईल, 'लांबू' म्हणेल. तसं काही झालं नाही. तो आपल्याच आवाजात बोलत होता, घाईघाईत. धाकटा आला नाही. पण बाजू त्याची होती, आणि ती एवढी नीट मांडलेली मी त्याच्याही तोंडून कधी ऐकली नव्हती. त्याला मांडू दिली नव्हती कोणी, मीसुद्धा.

बाहेर एक गिऱ्हाईक आपल्या काचांची वाट बघत ताटकळलं होतं. मालकाने दोनदा आत डोकावून पाहिलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो परत तिसऱ्यांदा आला नाही.

लांब्याचं बोलून झालं. त्याने विचारलं, आता पटलं का.

मला सगळं पटलं होतं. मी पदराने चष्मा पुसला, परत लावला आणि म्हटलं, "नाही पटलं बाबा. पहिल्यापासून सांग."